जेमतेम

आदिलाबाद सोडलं त्या दिवशी माझी बॅग वांग्यांच्या पोत्यांवर बसून शहरापर्यंत आली. गावातून सकाळी भाजीचा टेम्पो निघतो, त्यातच बाबांनी ती टाकली. आधी बाजारात माल उतरवायचा आणि मग मला गाडीत बसवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मुलगी इंग्लंडला चालली म्हणून तोडलेली वांगी काही घरी ठेवता येत नाहीत. मी आणि माय पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो आणि बाबा मागे, बॅग घसरू नये म्हणून तिच्यावर हात ठेवून.

बसस्टँडवर आमच्या गावातले किराणा दुकानवाले काशिनाथकाका भेटले. ते निर्मलच्या बाजारातून माल आणायला निघाले होते. माझ्या नव्या बॅगेकडे आणि त्याहून नव्या बुटांकडे बघत त्यांनी विचारलं, "कुठं चालली पोरगी?"

"चालली तिकडं इंग्लंडले," बाबा म्हणाले. "नर्सचं काम हाय. इंग्रजीच्या परीक्षेत जेमतेम पास झाली. घेतलं त्याइनं कसंतरी."

मी तिथेच उभी होते. गावातून परदेशी जाणारी मी पहिली. चार वर्षं नर्सिंग शिकले, तीन वर्षं हैदराबादच्या दवाखान्यात घासले, परीक्षा एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा पास झाले, आणि माझ्या बापाजवळ माझ्यासाठी एवढाच शब्द होता. वाईट याचं वाटलं की तो खोटाही नव्हता. जेवढे गुण लागतात तेवढेच मिळाले होते, अर्धा गुणही वर नव्हता. पण एक दिवस, निदान त्या एका दिवशी, थोडं वाढवून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

कंडक्टर तेलुगूत "एक्कंडम्मा, एक्कंडी", चढा चढा, म्हणून घाई करत होता. माय म्हणाली, "बाबाच्या पाया पड." मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि गाडीत चढले. खिडकीतून पाहिलं तर बाबा रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालत होते. पोहोचल्यावर फोन कर, जप, असलं काहीही त्यांनी म्हटलं नाही. गाडी सुटली.

निर्मलला गाडी थोडा वेळ थांबली. तिथे लाकडी खेळण्यांच्या दुकानात मी एक लाकडी वांगं घेतलं. जांभळं, चकचकीत, वर हिरवा देठ. रडू येत होतं आणि हातात वांगं होतं; दुकानदारानं काय समजायचं ते समजून घेतलं असेल.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे तो एक शब्द. तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, प्रत्येकानं घरून काही ना काही आणलेलं असतं. कुणी लोणचं, कुणी देव्हाऱ्यातली मूर्ती. मी 'जेमतेम' आणला, तोही रागानं. पुढे त्या शब्दानं एका माणसाचं घर घालवायची वेळ आणली, आणि त्याच शब्दानं मला माझे बाबा परत दिले.

इंग्रजीच्या तयारीसाठी मी हैदराबादला एका क्लासला जात होते. तिथले सर फळ्यावर शब्दांचे गट लिहीत. एके दिवशी त्यांनी लिहिलं: बेअरली, हार्डली, स्केअर्सली, जस्ट. म्हणाले, सगळ्यांचा अर्थ एकच, पाठ करा, आणि निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका, आलटून पालटून वापरा, परीक्षकावर छाप पडते. मी वहीत लिहून घेतलं. माझ्या वहीचा थाट मोठा होता. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे तेलुगू, त्यामुळे एका इंग्रजी शब्दासमोर मी माझ्याकडे असतील नसतील ते सगळे शब्द मांडून ठेवायची. बेअरलीसमोर लिहिलं, जेमतेम. त्याखाली कसंबसं, काठावर, ओढूनताणून. तेलुगूत बोटाबोटी, कारण आमचे गणिताचे सर कमी गुणांचे पेपर वाटताना 'बोटाबोटी मार्कुलु' म्हणायचे. आणि गावातले म्हातारे पटवारी निजामाच्या काळातली उर्दू अजून सोडत नव्हते, त्यांचा बमुश्किल.

वहीत ते सगळे एकाखाली एक छान दिसत. पण नुसतं कानाला ऐकू आलं तरी कळावं की ते एक नाहीत. कसंबसंमध्ये धाप लागलेली असते. काठावरमध्ये पडायची भीती असते. ओढूनताणूनमध्ये कुणीतरी दुसऱ्यानं हात दिलेला असतो. जेमतेम त्यातल्या त्यात शांत शब्द आहे, पुरलं, उरलं नाही, एवढंच तो सांगतो. मला हे कळत होतं, मराठीत. इंग्रजीतही शब्दाशब्दांत अशीच अंतरं असतील, हे मात्र डोक्यात आलं नाही. सरांनी एकच सांगितलं होतं ना, मग एकच.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाजारात व्यापारी टोपलीत वर चांगला माल लावतात आणि खाली किडका, वाकडा दडवतात. बाबा उलटं करतात. वावरातून वांगी आणताना पाटीत खाली टवटवीत, चकचकीत वांगी आणि वर सगळी वाकडी, डागाळलेली. अशी पाटी डोक्यावर घेऊन ते गावातून येतात. वाटेत कुणीही विचारलं, "कसं हाय यंदा?" की उत्तर ठरलेलं, "जेमतेम हाय. पोटापुरतं निंगते." वावर वांग्यांनी लगडलेलं असलं तरी हेच. कारण चांगल्याला चांगलं म्हटलं की नजर लागते. बाजारात पोहोचलं की पाटी उलटी करायची. नेहमीची गिऱ्हाइकं तर त्याआधीच वरची वांगी बाजूला सारून खाली हात घालत.

हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी स्वतःही तसंच बोलायची. पेपर चांगला गेला तर "बरा गेला" म्हणायची, जेवण मनापासून आवडलं तर "ठीक हाय" म्हणायची. नर्सिंगसाठी मी मंचेरियलला मामाकडे राहिले. मामा कोळशाच्या खाणीत कामाला. तो खाणीतून वर आला की मामी विचारायची, "कसं काय?" आणि तो म्हणायचा, "जेमतेम." म्हणजे हातपाय धड आहेत. फक्त बसस्टँडवरच्या त्या वाक्याशी मी ही रीत कधी जोडली नाही. वांग्यांबद्दल तसं बोलायचं असतं. मी काय वांगं होते?

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात मला काम मिळालं. हाडाचं ऑपरेशन झालेली म्हातारी माणसं दवाखान्यातून आमच्या युनिटमध्ये येत, इथे चालायला शिकत आणि मग घरी जात. ज्यांना जमत नसे ती कायमची वृद्धाश्रमात जात. सुरुवातीचे दिवस फार थंड गेले. हीटिंग कसं लावायचं ते समजेपर्यंत मी खोलीत दोन स्वेटर घालून बसायची, आणि लोकांचं बोलणं समजेपर्यंत सगळ्याला मान डोलवायची. पण माणसं चांगली भेटली. वॉर्डची प्रमुख जॉयस ही पन्नाशीची बाई. पहिल्याच आठवड्यात तिनं स्वतःचे जुने बर्फातले बूट आणून दिले. माझे नवे बूट पाहून म्हणाली, हे लग्नात घाल.

तिथे आर्थर होता. वय चौऱ्याऐंशी. घरात पाय घसरून खुबा मोडलेला. उभा जन्म कोळशाच्या खाणीत गेला होता. त्याच्या हातांवर निळसर वण होते, जखमेत कोळशाची धूळ बसून राहिली की होतात तसे. मामाच्या हातावर अगदी तसेच आहेत. पहिल्याच दिवशी मी ते ओळखले आणि त्याला म्हटलं, "खाण?" त्याला इतका आनंद झाला की त्या दिवसापासून मी त्याची झाले. तो मला खाणीतल्या गोष्टी सांगे, मी त्याला मंचेरियलच्या सांगे. त्याच्या घरामागे छोटी बाग होती, तिथे तो कांदे लावायचा. बायको गेली होती, मुलगी लांबच्या शहरात. त्याला एकच हवं होतं, त्या घरात परत जायचं. घर भाड्याचं होतं; तो कायमचा वृद्धाश्रमात गेला तर ते सोडावं लागणार होतं.

मीच त्याला चालवायची. पहिल्या दिवशी तो वॉकर घेऊन खिडकीपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी खिडकीपर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला, मध्ये थांबून शेजारच्या पेशंटला फुटबॉलवरून डिवचलं आणि वर मला विचारलं, "तू का दमलीस?" मला इतकं बरं वाटलं. आणि बरं वाटलं की आमच्याकडे काय करतात, ते माझ्या हातानं आपोआप केलं. नोंदवहीत पहिल्या दिवशी लिहिलं, बेअरली चालला. दुसऱ्या दिवशी तोच शब्द नको म्हणून, हार्डली चालला. तिसऱ्या दिवशी, छाप पडावी म्हणून, स्केअर्सली.

पाटीत वर वाकडी वांगी ठेवली होती मी. म्हाताऱ्याला कुणाची नजर लागू नये.

बुधवारी मीटिंग असे. कोण घरी जाणार, कोण नाही, ते तिथे ठरे. चालण्याचे व्यायाम घेणारी फिजिओथेरपिस्ट त्या आठवड्यात रजेवर होती, त्यामुळे सगळी भिस्त आमच्या नोंदींवर. माझी दुपारची शिफ्ट होती. मी आले तेव्हा मीटिंग संपलेली होती आणि आर्थर खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी म्हटलं, चल, फेरी मारू. तो म्हणाला, आता कशाला? मुलीला फोन गेला होता. घर सोडायची तयारी करा म्हणून सांगितलं होतं.

मी विचारलं, "पण का? तू तर चालतोस."

"लिहिलंय की मी चालत नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. मीच लिहिलंय हे त्याला माहीत होतं का, ते मला आजही ठाऊक नाही.

मी नोंदवही उघडून माझंच अक्षर वाचलं. बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांनी वाचलं तर लिहिलं होतं की हा माणूस पहिल्या दिवशी कसाबसा चालला, दुसऱ्या दिवशी जवळजवळ चाललाच नाही, आणि तिसऱ्या दिवशीही नाहीच. रोज खालावत गेलेला माणूस. मी नवी होते, सहा महिने प्रोबेशनवर होते, नोकरी गेली तर व्हिसाही गेला असता. आणि मी हेही सांगते, कारण लपवून काय करू: दहा मिनिटं मी विचार केला की गप्प बसावं. पुन्हा मीटिंग होईलच कधीतरी. मग आर्थरच्या टेबलावरचं चित्र दिसलं. बागेत कुठल्या ओळीत कांदे लावायचे ते त्यानं कागदावर आखून ठेवलं होतं.

जॉयसच्या खोलीत जाऊन मी म्हटलं, "मी चुकीचं लिहिलंय."

तिनं नोंदी पुन्हा वाचल्या. मग मला बसायला सांगितलं आणि एकेक शब्द समजावला. बेअरली म्हणजे जमलं, पण अगदी थोडक्यात. हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच. "दुखतं का विचारलं आणि हार्डली म्हणाला तर चांगली बातमी, चालतो का विचारलं आणि हार्डली लिहिलंस तर वाईट." स्केअर्सली म्हणजे तेच, पण तो पुस्तकात राहतो, वॉर्डात कुणी लिहीत नाही. आणि माणूस स्वतःच्या पायावर निभावून नेतो, थोडा त्रास होतो, पण होतं, त्याला आम्ही जस्ट अबाउट म्हणतो. मग तिनं विचारलं, "यातला त्याच्यासाठी कुठला खरा?"

"कुठलाच नाही," मी म्हटलं. "तो चांगला चालतो."

"मग तसं का नाही लिहिलंस?"

आता नजर लागणं इंग्रजीत कसं सांगायचं? मी वांग्यांच्या पाटीपासून सुरुवात केली. मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगितलं, वाकडी वर, चांगली खाली, बाबा, जेमतेम. वाटलं, ही आता हसेल किंवा हाकलेल. ती हसली नाही. म्हणाली, "माझा बाप शेळ्या-मेंढ्या पाळायचा. त्यानंही कधी कळप चांगला आहे म्हटलं नाही." मग नोंदवही मिटून म्हणाली, "पण कागदाला हे कळत नाही. कागदावर पावलं लिही. किती पावलं, कुठून कुठे, कुणाच्या मदतीनं. आणि उद्या सगळ्यांसमोर त्याला चालव."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर, जॉयस आणि आणखी दोघं कॉरिडॉरमध्ये उभे राहिले. आर्थरनं दाढी केली होती. तो निघाला. मी शेजारून चालत मोठ्यानं पावलं मोजत होते. टोकापर्यंत जाऊन तो वळला, परत आला, सरावासाठी ठेवलेल्या तीन पायऱ्या चढला आणि उतरला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत, चांगल्या गोष्टीला तोंडावर चांगलं म्हटलं. "ही वॉक्स व्हेरी वेल." आणि लगेच चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन कानशिलावर बोटं मोडली, कडाकडा, त्याची दृष्ट काढली. कागदाचं कागदाला झालं, नजरेचं नजरेला झालं.

पुढच्या आठवड्यात आर्थर घरी गेला. निघताना मी त्याला निर्मलचं वांगं दिलं. त्याला ते काय आहे ते आधी कळलं नाही. मग म्हणाला, बागेत लावतो, उगवलं तर बोलावतो. गाडीत बसल्यावर जॉयसनं विचारलं, "कसं वाटतंय?" डोळे पाण्यानं भरलेले असताना तो म्हणाला, "नॉट सो बॅड." मी आणि जॉयस एकमेकींकडे बघून हसलो. तो आमच्याच गावचा होता, फक्त जन्माला इकडे आला होता.

त्या रविवारी मी मायला फोनवर ही सगळी हकीकत सांगितली. माय खूप हसली. मग मी इतके दिवस मनात ठेवलेलं बोलून टाकलं. "पन बाबानं तवा काशिनाथकाकाले माह्याबद्दल तसं काऊन म्हनलं व माय? मले लई लागलं होतं."

मायनं हसणं आवरलं. मग म्हणाली, "तुया बापानं वांग्याच्या वावराले कधी चांगलं म्हनलं का? मंग तुले कसं म्हनन? तू गेली त्या दिवशी मानूस वाटेनं एक शब्द बोलला नाही. घरी येऊन तुयी वही उघडून बसला. वाचता तर येत नाही इंग्रजी. नुसता हात फिरवून राह्यला होता."

मी फोन ठेवला आणि विजेची किटली लावली. पाणी उकळून ती बंद झाली, पुन्हा लावली, पुन्हा बंद झाली. एवढा साधा माणूस आणि मला त्याचा शब्द कळायला समुद्रापलीकडे यावं लागलं. माझ्यासाठी त्यांनी त्यांच्याजवळचा सगळ्यात जपून वापरायचा शब्द वापरला होता. पाटीत मला सगळ्यात खाली ठेवलं होतं, चांगल्या वांग्यांत. आणि मी पायासुद्धा पडले नव्हते.

त्यानंतर दर रविवारी फोन. "कसे हाय बाबा?" "जेमतेम." "पीक कसं हाय?" "जेमतेम." "गोपालचं कसं?" गोपाल माझा धाकटा भाऊ, आता वावर तोच बघतो. "त्याचं बी जेमतेम." हे तीन जेमतेम ऐकले की माझा आठवडा सरळ जायचा. माझ्याबरोबरच्या केरळच्या मुली घरच्यांशी तासतासभर बोलत. आमचं दोन मिनिटांत संपे आणि काही राहिलं असं वाटत नसे.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. मी विचारलं, "कसे हाय बाबा?"

"एकदम झकास हाय मी," बाबा म्हणाले. "काई फिकर नोको करू. जेवन चांगलं, झोप चांगली. मस्त हाय."

मी कप खाली ठेवला. त्यांच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. पीक, पोरं, स्वतःचं शरीर, कशालाच नाही. या माणसानं पहिल्यांदा पाटीत वर चांगली वांगी लावली होती, त्या व्यापाऱ्यांसारखी. म्हणजे खाली काय होतं?

मी गोपालला फोन घ्यायला सांगितलं. "व्हिडिओ लाव. बाबाचे पाय दाखव."

"पाय काऊन?"

"दाखव म्हनलं ना."

बाबा मागून नको नको म्हणत होते. गोपालनं कॅमेरा खाली नेला. बाबा खाटेवर दोन उशांना टेकून बसले होते आणि पाय घोट्यापर्यंत सुजलेले. मी म्हटलं, अंगठ्यानं घोटा दाब आणि सोड. त्यानं दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग गोपालला धीर राहिला नाही. "आठ दिवसांपासून असे बसूनच झोपून राह्यले. दम लागते म्हनते. तुले सांगू नोको म्हनले, तिचं काम सुटन म्हनून."

त्याच दिवशी गोपालनं त्यांना आदिलाबादला दवाखान्यात नेलं, तिथून हैदराबादला. हृदय थकलं होतं, अंगात पाणी साचलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं, वेळेवर आणलंत. जॉयसला मी रजा मागितली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तो काय म्हणाला?" मी म्हटलं, "व्हेरी वेल म्हणाला." तिनं लगेच ड्यूटीच्या यादीतून माझं नाव काढलं आणि दुसऱ्या दिवसाचं विमान शोधायला बसली. हे जगात फक्त तिलाच समजण्यासारखं होतं.

हैदराबादच्या दवाखान्यात बाबांनी मला पाहिलं आणि मान वळवली. पकडले गेल्यासारखे. मी त्यांच्या कॉटशी बसून पाण्याची मापं लिहिली, गोळ्या लिहिल्या, मीठ बंद केलं. परक्या देशातल्या माणसांसाठी शिकलेलं सगळं माझ्या बापाच्या कामी आलं. आर्थरचं घर वाचवताना मी पावलं मोजायला शिकले होते. आता बाबांची मोजली, कॉटपासून दारापर्यंत, दारापासून जिन्यापर्यंत. एका दुपारी ते जिन्याच्या दोन पायऱ्या चढून उतरले आणि कठड्याला धरून उभे राहिले. मी मुद्दामच विचारलं, "कसं वाटून राह्यलं बाबा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जेमतेम."

मी तोंडावर ओढणी धरून रडले. नर्सनं दवाखान्यात असं रडू नये, पण मी तेव्हा नर्स नव्हते.

माझं घर आता कुठे आहे, असं लोक विचारतात. इंग्लंडमध्ये आदिलाबाद म्हटलं की ते हैदराबाद ऐकतात, आणि आदिलाबादला गेले की मला थंडीत दोन स्वेटर का लागत नाहीत ते विचारतात. मला वाटतं, जिथे माझं थोडं बोलणं पूर्ण ऐकलं जातं ते घर. ते गावातल्या खाटेवर आहे, मंचेरियलला मामाच्या निळ्या वणांच्या हातांत आहे, जॉयसच्या जुन्या बुटांतही आहे. मला मिळालेलं सगळं मोजायला बसले तर फार आहे. पण तसं लिहिणार नाही. जेमतेम आहे. पोटापुरतं निघतं.

रजा संपली तेव्हा बाबा हट्टानं बसस्टँडवर आले. भाजीच्या टेम्पोतूनच आलो, या वेळी ते पुढे आणि मी मागे बॅगेजवळ. काशिनाथकाका आता थकले आहेत, दुकान मुलगा बघतो, पण बसस्टँडवर त्यांचं बसणं आहेच. त्यांनी विचारलं, "आली होती काय पोरगी? कसं हाय तिकडं तिचं?"

"हाय जेमतेम," बाबा म्हणाले. "नर्स हाय म्हने कुठं तरी."

कंडक्टर घाई करत होता. मी बॅग खाली ठेवली आणि बाबांच्या पाया पडले. पडताना सवयीनं त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि सोडला. खड्डा पडला नाही.